चारही वर्षांची सरासरी

आमच्या परळच्या ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात एक क्लार्क बाई आहे. तिला मनातल्या मनात हिशेब येत नाही. ती मोठ्यानं बेरीज करते, आणि कोणाच्या पोराला किती पडले ते सगळ्या रांगेला कळतं. मला ते आवडत नाही.

नातीला परदेशात शिकायचंय. तिथल्या कॉलेजला नववी ते बारावीची मिळून एकच सरासरी लागते, चार पॉइंटांपैकी निदान तीन पॉइंट. बाईनं रांगेसमोर बेरीज केली. दोन पॉइंट नऊ. अकरावीनं घात केला.

मी म्हटलं, "दहावीला कच्चा विषय सोडून बेस्ट फाइव्ह धरता ना? तशी बेस्ट तीन वर्षं धरा."

"आजोबा, विषय सोडतात. वर्ष नाही सोडत."

"ते वर्षच तसलं होतं. बायको गेली माझी. पोरगी कॉलेज बुडवून हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसायची."

बाईनं पुन्हा बेरीज केली, पण या खेपेला ओठ मिटून. आकडा तोच आला. मग तिनं खाली शेरा लिहिला, अकरावीत आजीच्या आजारपणामुळे गैरहजर, आणि रांग तशीच ठेवून स्वतः प्राचार्यांची सही आणली.

"यानं आकडा वाढत नाही हं, आजोबा."

"नको वाढू दे."

बाहेर आल्यावर नात म्हणाली, "आबा, पाठवू असंच?"

"पाठव. नाही घेतलं तर इथंच शीक. पण तुझ्या आजीचं वर्ष त्यात राहू दे."