कप्तानाचा शब्द

अंतराळात समुद्र नाही. वाशीम जिल्ह्यातही नाही. तरीही टीव्हीवर हिंदीत ऐकू येणाऱ्या एका परदेशी मालिकेतील यानावर आरमाराचेच हुद्दे होते, आणि ते मला मनापासून आवडत. कप्तानाने शब्द उच्चारावा, साऱ्यांनी मान लववावी! मालेगावच्या एका शाळेचा मुख्याध्यापक म्हणून त्यात मला स्वतःची प्रतिमा दिसे. हे लिहितानाही माझा मलाच संताप येतो.

एका भागात यानावरील डॉक्टरबाईंनी आजारी कप्तानाला पदावरून उतरवले. हुद्द्याने त्या खालच्या. परंतु प्रकृतीच्या बाबतीत त्यांचा शब्द अंतिम, असा तेथील नियम. मी ताट बाजूला सारून ओरडलो, "काहीतरीच दाखवतात! जहाज कप्तानाचं असते!"

माझी मुलगी नर्स आहे. ती हसली. "बाबा, तुमच्यासारख्या कप्तानासाठीच केला असन तो नियम."

दुसऱ्या दिवशी सकाळी, मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटीच मी पत्नीसह मोटारसायकलवरून वाशीमला एका लग्नाला निघालो, तोच चक्कर आली. मुलीने तपासले, रक्तातील साखर फार उतरली होती.

"गाडी नका चालवू, बाबा. हा गूळ खा, अन् बसनं जा."

"या घरात हुकूम कोनाचा चालते?"

"तुमचाच चालते. म्हनून तं भेव वाटते."

गुळाचा खडा मी रागाने ओट्यावर आपटला. पत्नी निमूटपणे मागे बसली. वाटेत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मोटारसायकल रस्त्याखाली उतरली. मला साधे खरचटलेही नाही. पत्नीचा उजवा हात मनगटात मोडला. हाड पुढे जुळले. मूठ आजही पुरती वळत नाही.

प्लॅस्टर ओले असतानाच इंझोरीहून तिचा भाऊ आला. मी तोंड उघडण्याआधीच ती त्याला म्हणाली, "रोही आडवा आला रे." नीलगाईला आमच्याकडे रोही म्हणतात.

"भाऊजीनं सांभाळलं म्हनून वाचली तू."

मी चहा पीत राहिलो. हात मोडलेली बाई माझ्या हुद्द्याची राखण करत होती, आणि मी ती करू देत होतो! मुलगी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्याकडून तिला काही अपेक्षाच उरली नव्हती.

"रोही नव्हता," मी अखेर पुटपुटलो. "पोरीनं नको म्हटलं होतं. मीच ऐकलं नाही."

मेहुणा हसला. "काहून मस्करी करता, भाऊजी? तुमच्या हातून चूक होते काय?"

पत्नीने माझ्याकडे रोखून पाहिले.

"आता जोरानं सांगा त्याले," ती म्हणाली. "शाळेत बोलता तसं."