धुतलेला वॉकीटॉकी

परवा आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने जुन्या खेळण्यातल्या वॉकीटॉकीचा फोटो टाकला आणि खाली सगळ्यांनी गळे काढले. काय ते दिवस, काय ते मैदानातले खेळ, काय ती निरागस मनं! निरागस म्हणे. शी!

तसली जोडी मामाने मला गड्ड्याच्या जत्रेतून आणून दिली होती. मी चौथीत होते, वडील सोलापुरातच शिक्षक. मागच्या गल्लीत माझी जिवाभावाची मैत्रीण राहायची. तिच्या घरात दिवसभर टॉवेलचे माग खडखडायचे आणि घरातलं बोलणं तेलुगू. मागांच्या आवाजावर आवाज काढायची सवय, त्यामुळे ती बोलायची लई मोठ्यानं. पटांगणात ती बाभळीमागे, मी पाण्याच्या टाकीमागे. मी "ऐकू येतंय का?" विचारलं की तिचं "येतंय की!" यंत्राशिवायच ऐकू यायचं. हसून हसून पोट दुखायचं. मे महिन्याच्या उन्हात तोंडं काळीठिक्कर पडली तरी घरी जायचं नाव नाही.

जेवायच्या वेळी ती आपल्याकडचा वॉकीटॉकी फ्रॉकला पुसून माझ्या हातात द्यायची. आमच्या घरी पुढे त्याचं काय होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. आई तो दोन बोटांत धरून ओल्या फडक्याने पुसायची. तोंडाशी धरलेली वस्तू म्हणजे उष्टी, आणि त्यातून तोंड त्यांच्या घरातलं! माझ्याकडचा कधीच पुसला गेला नाही. एके दिवशी आईचं फडक्याने समाधान होईना. तिने तो मोरीत नेला, नळाखाली धरून चांगला खळखळून धुतला आणि लोणच्याच्या बरणीसारखा गच्चीच्या कठड्यावर उन्हात पालथा घातला. संपलं. पुन्हा त्यातून चूं की चां नाही.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "कुणी बिघडवला हा?"

आई पिठलं ढवळत होती. ती ढवळतच राहिली. फक्त एकदा माझ्याकडे बघितलं.

"तिनं पाडला," मी म्हणाले. मला कुणी शिकवलं नव्हतं. जीभ जराही अडखळली नाही, याचीच आज जास्त किळस येते.

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन तिच्या दारात गेली. आत पाऊल न टाकता, बाहेरूनच सगळं सांगितलं. तिची आई मागावरून उठून आली, केसांत कापसाचे तंतू, आणि काही न विचारता तिने पोरीच्या मुस्कटात दिली. मैत्रीण रडत तेलुगूत म्हणाली, मी पाडला नाही. तेवढं तेलुगू मला तिनेच शिकवलं होतं. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द बोलले असते तर ती सुटली असती, आणि आमचा खेळही टिकला असता. मी चपलांकडे बघत उभी राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी!

ती पुन्हा पटांगणात आली नाही. आई म्हणाली, "बरंच झालं, सुंठीवाचून खोकला गेला." आणि आम्ही जेवायला बसलो.

इतकी वर्षं मी आईला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आता तेही तोंड राहिलं नाही. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई सोलापूरबाहेरच्या कुंभारीहून येतात आणि सुट्टीत लेकीला सोबत आणतात. मी माझ्या मुलीसाठी वॉकीटॉकीची जोडी मागवली. दोघी दिवसभर खाली पार्किंगमध्ये हुंदडतात. कौतुकाने मीच त्यांचा फोटो त्या ग्रुपवर टाकणार होते.

काल दोघी वर आल्या. माझ्या मुलीने तिचा वॉकीटॉकी जेवणाच्या टेबलावर टाकला. दुसरीने तिचा माझ्या हातात दिला. मी बोलत बोलत सॅनिटायझर घेतलं आणि तो पुसायला लागले.

"आई, तिचाच का पुसतेस?"

"सर्दी पसरते गं, बाळा."

"पण सर्दी तर मला झालीय."

दुसरी मुलगी दारात उभी राहून आपले दोन्ही हात फ्रॉकला पुसत होती.