फाट्यावर उभा राहिलेला

नव्वदीच्या सुरुवातीला अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यातले आम्ही सहा जण सहा मोटारसायकलींवर कन्याकुमारीला निघालो. गाडीला लावायच्या पिशव्या मी जवळच्या सिंधी वसाहतीत, कॅम्प एकमध्ये, शिवून घेतल्या. दुकानदाराने माझी जुनी गाडी वरपासून खालपर्यंत पाहिली. "साईं, इसपे कन्याकुमारी? वापस ट्रक में आओगे." मी हसलो. पण छाती फुगलेली होतीच. स्वतःच्या गाडीवर एवढ्या लांब निघालेला आमच्या घरातला मी पहिला.

पुढे आमचे शिफ्ट इन्चार्ज. कारखान्याचा नियम त्यांनी रस्त्यावर आणला होता. बदली माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, तसंच इथेही. फाटा आला की एकाने थांबायचं आणि शेवटची गाडी येईपर्यंत हलायचं नाही. पहिल्या दिवशी कोल्हापूरपर्यंत एकदाही चुकामूक झाली नाही. चहाच्या टपऱ्यांवर लोक विचारायचे, "कुठल्या कंपनीचं टेस्टिंग चाललंय?" आम्ही ऐटीत सांगायचो, "आमचंच!"

दुसऱ्या दिवशी आंबोलीचा घाट उतरायचा होता. मी शेवटी होतो. तिसऱ्या वळणावर एक ट्रक माझ्या बाजूला आला आणि गुडघ्याला वारा लावून गेला. कशीबशी गाडी बाजूला घेतली, कठड्यावर बसलो आणि उठलोच नाही. पायच ऐकेनात. दोन तास तरी गेले असतील. जाणाऱ्या एखाद्या गाडीबरोबर निरोप धाडता आला असता. लाजेपोटी तोही धाडला नाही.

खाली फाट्यावर माझा मित्र उभा होता. बदलापूरजवळच्या गावचा, शेजारच्या मशीनवरचा. बाकीचे जेवायला सावंतवाडीला पुढे गेलेले. आसपास एक झाड नाही. तोंड तांबडंलाल झालेलं, ओठ सुकलेले.

"कुठं मेला व्हतास रं? कवापासून उभा हाय मी!"

"पंक्चर," मी म्हणालो.

त्याने माझ्या स्वच्छ हातांकडे पाहिलं. मग गाडीला किक मारली. "चल, जेवाला."

जेवताना इन्चार्जनी माझ्या पाठीवर थाप मारली. "एकट्याने चाक खोललं! फिटर असावा तर असा." मित्र खाली मान घालून भात कालवत राहिला. पुढे कितीतरी वर्षं कँटीनमध्ये ते पंक्चर मी रंगवून सांगितलं. तो समोर असायचा. एकदाही बोलला नाही.

परवा त्याच्या मुलीच्या हळदीला गेलो होतो. मांडवाच्या कडेला दोघंच बसलो होतो, तेव्हा सांगून टाकलं. पंक्चर नव्हतं. घाबरलो होतो. तू उन्हात उभा होतास आणि मी नुसता बसून होतो.

"ठावं हाय," तो म्हणाला. "घाबरलास तं घाबरलास. मंग उतरलास कसा, त्ये सांग."

हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. विचारणार तरी कसं? मी त्यावर पंक्चरचं ठिगळ चिकटवून ठेवलं होतं. मग सांगितलं. पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय जमिनीला घासत. प्रत्येक वळणाआधी थांबून, हॉर्न देऊन. तरी उतरत राहिलो, कारण खाली कुणीतरी जागा न सोडता उभं असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तो खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "आन् घाटातलं त्ये मोठं वलान? थितं काय केलास?"