मास्तरांचा गुडघा

गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणत, पण शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. एकतीस वर्षं ते लोकांना मोटार चालवायला शिकवत होते. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक असे, आणि शेजारचा माणूस चुकायच्या बेतात आला की मास्तरांचा उजवा गुडघा आपोआप वर उचलला जाई. शेकडो माणसं त्यांच्या हाताखालून गेली. पुढे तोच गुडघा कुरकुरायला लागला आणि ते घरी बसले. आता त्यांना एकच विद्यार्थिनी उरली होती, स्वतःची मुलगी.

मुलगी हेलिकॉप्टर शिकत होती आणि एका धड्यावर तिचं घोडं पेंड खात होतं. इंजिन हवेत बंद पडलं तर काय करायचं, हा तो धडा. शिकवणारे कॅप्टन न सांगता इंजिनाचा जोर काढून घेत. त्याच क्षणी डाव्या हाताची दांडी खाली दाबायची. उशीर झाला की डोक्यावरचा पंखा मंदावतो, भोंगा ओरडायला लागतो, आणि पंखा फारच मंदावला तर मग देवही वाचवत नाही. दोन चाचण्यांत ती नापास झाली होती. दोन्ही वेळा शेरा एकच, ‘हात उशिरा’. तिसरी चाचणी शुक्रवारी. त्यातही तेच झालं तर शिकणाऱ्यांच्या यादीतून नाव कमी.

मास्तरांनी कंबर कसली. स्वयंपाकघरातली खुर्ची बैठकीच्या खोलीत आली. मुलीच्या दोन गुडघ्यांमध्ये झाडूचा दांडा, डाव्या हाताशी खुर्चीला बांधलेली छत्री, पायांखाली दोन जुन्या चपला आणि समोर भिंतीवर वेग-उंची दाखवणाऱ्या घड्याळांच्या फळीचं चित्र. धडा ती मोठ्यांदा म्हणायची. “दांडी खाली, उजवा पाय, नाक सावर, वेग बघ, जागा शोध.” मधेच अडली तर गाडी रुळावर यावी म्हणून उलटाही म्हणायची. पायऱ्या लिहिलेली पुठ्ठ्याची पानं आरशावर, पिठाच्या डब्यावर, दाराच्या कडीला लटकत होती.

“उडायच्या आधी माझी खुर्ची मोडणार तुम्ही दोघं,” असं तिची आई येता-जाता म्हणायची.

मास्तर समोर बसत आणि मनात येईल तेव्हा म्हणत, “इंजिन गेलं!” छत्री खाडकन खाली. शंभरातून शंभर वेळा. तीन आठवडे हेच चाललं होतं. घरी जी पोर विजेसारखी चपळ, ती वर गेली की दगड कशी होते, हे काही केल्या मास्तरांना उमगत नव्हतं. त्यांना घास गोड लागत नव्हता.

बुधवारी दुपारी आई मटार सोलत दारात बसली होती. पाच-सहा वेळा छत्री खाली गेलेली तिने पाहिली आणि हातातली शेंग तशीच ठेवून म्हणाली, “अहो, एक सांगू? रागावू नका.”

“बोल की.”

“तुम्ही तोंड उघडायच्या आधीच तुमचा गुडघा वर जातो. आणि गुडघा वर गेला की हिचा हात खाली.”

“काहीतरीच तुझं!”

“मग बसा तिच्या पाठीमागे.”

मास्तर खुर्ची उचलून मुलीच्या मागे जाऊन बसले. थोडं थांबले. “इंजिन गेलं!”

छत्री जागची हलली नाही. एक. दोन. मग खाली गेली.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा करायचं कुणाच्या मनात आलं नाही.

मास्तरांना एकदम आपले जुने विद्यार्थी आठवले. शेजारी मास्तर असताना झक्क चालवणारे आणि एकटे बाहेर पडले की फाटकाला गाडी ठोकणारे. ‘नशीब एकेकाचं’ म्हणून त्यांनी तेव्हा सोडून दिलं होतं.

“तीन आठवडे, बाबा!” मुलगी म्हणाली. आवाज चढला आणि मधेच फाटला. “तीन आठवडे मी तुमचा गुडघा पाठ केला!”

जन्मभर मास्तरांनी ज्याच्यावर भाकरी कमावली, त्याच पायाने लेकीच्या मार्गात धोंडा घातला होता. हातात दीड दिवस उरला होता.

“रडत बसायला वेळ नाही,” आई म्हणाली. “मला त्यातलं ओ का ठो कळत नाही ना? मग मीच बोलते. आणि तुम्ही जरा गॅलरीत बसा.”

मास्तर निमूटपणे गॅलरीत जाऊन बसले. तिथून त्यांना नुसतं ऐकू येत होतं. आई कधीही ओरडायची. मुलगी वेणी घालताना, जिना चढताना, आमटी वाढताना.

“इंजिन गेलं!”

“आई गं! आमटी सांडली!”

“सांडू दे. हात गेला का खाली?”

“गेला, पण उशिरा.”

“मग पूस आणि पुन्हा वाढ, कार्टे!”

गुरुवारी संध्याकाळपर्यंत ‘उशिरा’ हा शब्द दहातून दोनदाच ऐकू येऊ लागला. पण ते दोन मास्तरांच्या काळजात काट्यासारखे रुतून बसले. वर तर एकदाच विचारणार होते.

शुक्रवारी सकाळी त्यांनी सदरा चढवला. मुलगी दारात थांबली. “बाबा, तुम्ही नका येऊ आज.”

“नाही. मी नुसता बस-स्टॉपपर्यंत…”

“नको, बाबा.”

त्यांनी सदरा काढून पुन्हा खुंटीला अडकवला.

चाचणी दहाची. साडेदहा झाले, अकरा झाले. आईने तेच फडकं तीनदा धुतलं. साडेअकराला फोन वाजला, तो मास्तरांनी पहिल्याच घंटेला उचलला.

“बाबा, पास!”

“हात?”

“कॅप्टन विचारत होते, ते खालचं छप्पर निळं आहे की हिरवं. मी निळं म्हणतेय तोवर इंजिनाचा जोर काढला त्यांनी. हात आधी गेला, भोंगा वाजलाच नाही. उतरताना मी खुणेच्या पुढे गेले, त्याबद्दल बोलणी खाल्ली. पण सही केली त्यांनी.”

मास्तरांना खूप काही विचारायचं होतं, त्यातलं एकच तोंडून निघालं. “कॅप्टन आधी जरा हलले असतील, नाही?”

“कुणास ठाऊक. मी बघितलंच नाही त्यांच्याकडे.”

“बरं, बरं,” मास्तर म्हणाले.

“बाबा, सोमवारपासून शेपटीचा पंखा बंद पडला तर काय करायचं ते आहे. जरा आईला द्या ना फोन.”

“देतो,” मास्तर म्हणाले, आणि ओल्या हातांनी धावत आलेल्या बायकोकडे त्यांनी फोन दिला.