पिवळ्या माशाचा घास

अबुधाबीच्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीपेक्षा मोठी एकच वस्तू होती, खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. तिच्यात जिवंत प्रवाळ, चार मासे आणि माझा सगळा फावला वेळ होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाबा गेले, आणि त्याच वर्षी आई पहिल्यांदा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आली. त्याच सुमारास टाकीत शेवाळ माजलं.

शेवाळ ओळखणं हा मी माझा प्रांत समजत असे. तपकिरी, पिठासारखं असेल तर टाकी नवी आहे, थोडी कळ काढायची. लाल, बुळबुळीत पापुद्रा असेल तर पाणी खेळतं नाही, पंपाचं तोंड फिरवायचं. हिरवं, केसांसारखं लांब असेल तर पाण्यात अन्न जास्त होतंय, हात आखडता घ्यायचा. आमचं हिरवं होतं. मी माशांचं खाणं निम्म्यावर आणलं, दिवे लवकर बंद करू लागलो, पाणी बदललं. शेवाळ वाढतच गेलं आणि प्रवाळांनी तोंडं मिटून घेतली. शेवाळ खायला म्हणून खास आणलेला पिवळा मासा त्याच्याकडे ढुंकूनही बघेना. निम्म्या खाण्यावर तो चांगला गुबगुबीत होत चालला होता. पाण्यावर तेलकट तवंगही दिसू लागला.

मी घरात चौकशी सुरू केली. मुलगा "नॉट मी, बाबा" म्हणाला. बायको म्हणाली, "माणसांचे डबे भरून होत नाहीत, तुमच्या माशांना कुठे भरवू?" माशांच्या दुकानवाल्याने सल्ला दिला, "हबीबी, टंकी बेच दो, खलास." आईला विचारायचं मला सुचलंच नाही.

एका दुपारी अंगात कणकण होती म्हणून ऑफिसातून लवकर आलो. आई टाकीपाशी उभी होती. हातात वरण-भाताचा घास, त्यावर तूप. तिने तो पाण्यात सोडला. पिवळा मासा वर आला आणि निवांत खाऊ लागला.

"आई, हे काय?"

"तुझ्या बाबांचा घास. गॅलरीत ठेवून पाहिला, तर कबुतरं येतात."

बाबांच्या दहाव्याला ऊन डोक्यावर आलं तरी कावळा पिंडाला शिवला नव्हता. आम्ही एकेक जण पुढे होऊन बोललो. आईला अंतर देणार नाही, घर विकणार नाही, धाकटीच्या मुलांचं शिक्षण बघू. कावळा झाडावरून हलला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. आईने ते कधीच मनातून काढलं असेल, असं मी धरून चाललो होतो.

"माशांचं बोललात का कुणी तिथे?" तिने विचारलं.

"कुठल्या माशांचं?"

"दर शुक्रवारी फोनवर ते तुला काय विचारायचे?"

मासे बरे आहेत ना, एवढंच विचारायचे आणि फोन आईकडे द्यायचे. त्यांना माझ्याशी बोलायला दुसरं काही सुचत नाही, असं मला वाटायचं.

"मला घाटावर नेलं असतंत तर मी सांगितलं असतं," आई म्हणाली. "हा बघ, रोज लगेच शिवतो."

मला रडू आलं. ताप चढत असेल, असं म्हणून तिने माझ्या कपाळाला हात लावला.

शेवाळाचं कारण सापडलं होतं. उपाय अगदी सोपा होता आणि तो मी केला नाही. आई आमच्याकडे असेपर्यंत रोज संध्याकाळी बाह्या सरसावून जुन्या टूथब्रशने दगड घासत बसलो. दोन प्रवाळ गेले.

व्हिसा संपला, आई पुण्याला परतली. टाकी हळूहळू निवळली, मासाही शेवाळाला तोंड लावू लागला. पुढच्या एका शुक्रवारी फोन केला तेव्हा आईने विचारलं, "शिवतो ना रे?"

"लगेच," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातून चार शितं आणून पाण्यात सोडली. तूप घातलं नाही, प्रवाळांचा विचार करायला हवा होता. मासा वर आला, शितांपर्यंत पोचला आणि न शिवता मागे फिरला. मी तूप आणायला आत गेलो.