करंजाईची टेकडी उतरताना

सकाळी कामावर निघताना ज्योतीराम बायकोच्या चपला फिरवून ठेवायचे. कौशल्याबाई बाहेरून आल्या की घाईघाईने चपला सोडत, त्यांची तोंडं घराकडे राहत. ज्योतीराम डब्याची पिशवी खांद्याला अडकवून वाकत, त्या चपला बाहेरच्या दिशेला वळवत आणि मगच जिना उतरत. लग्नाच्या सव्वीस वर्षांत सकाळी बाहेर पडताना आपल्याला कधी चपला सरळ कराव्या लागल्याचं कौशल्याबाईंना आठवत नव्हतं.

ज्योतीराम मूळचे लातूरकडचे. विशीत भोसरीत पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका प्रेसशॉपला लागले. कंपनी चाकणला हलली, तसे मोशीत दोन खोल्या घेऊन राहिले. दिवसभर यंत्रांच्या दणदणाटात कुणाचं कुणाला ऐकू जात नसे. म्हणून की काय, घरी आले की साठलेलं सगळं बोलून काढत. कौशल्याबाई इथल्याच, खेड तालुक्यातल्या. त्यांच्या माहेरच्या शिवेवर करंजाईची टेकडी होती. देवीचा वार शुक्रवार, पण कंपनीला सुट्टी गुरुवारी. त्यामुळे दोघं गुरुवारीच जात.

"देवीला शिफ्ट कळतीय," ज्योतीराम म्हणत. "ती कुठं रजा मांडलालीय!"

करंजाईची गोष्ट कौशल्याबाईंनी लहानपणी आजोबांकडून ऐकली होती. देवी एका धनगरावर प्रसन्न झाली. म्हणाली, तुझ्या मागोमाग तुझ्या वाडीत राहायला येते, पण तू मागे वळून बघायचं नाही. धनगर पुढे, देवी मागे. तिचे पैंजण वाजत होते तोवर तो निर्धास्त चालला. टेकडीच्या माथ्यावर मऊ माती लागली आणि पैंजण मुके झाले. देवी मागे राहिली की काय, असं धनगराला वाटलं. त्याने मान वळवली. देवी तिथेच थांबली, ती कायमची. वाडी खाली राहिली, देवी वर. तेव्हापासून टेकडी उतरताना पायथ्याची कमान ओलांडेपर्यंत कुणी मागे बघत नाही. बघितलं तर मागचं माणूस मागेच राहतं, असं म्हणतात.

ज्योतीरामांना ही गोष्ट लग्नानंतर कळली आणि त्यांनी तिचा खेळ केला. उतरताना कौशल्याबाई पुढे, ते मागे. तोंडाची टकळी चालूच. तिसऱ्या वळणाला मात्र मुद्दाम गप्प बसायचे. पावलांचाही आवाज येऊ द्यायचे नाहीत. बायको घाबरून वळते का, ते बघायचं.

"पैंजण संपलं वाटतं तुमचं?" कौशल्याबाई पुढे बघतच विचारत.

उत्तर यायचं नाही. मग शेवटच्या पायरीशी आल्यावर कानामागून आरोळी यायची, "वळली नाहीस की गं, कौशे!" वळणार कशा? हसू दाबून येणारं ते माणूस त्यांच्या पाठीलाही दिसायचं.

माघातल्या त्या गुरुवारीही तसंच झालं. वर जाताना ज्योतीराम दोनदा टेकले. "वय झालं आता," म्हणाले. दर्शन झालं, नारळ फुटला. उतरताना नेहमीसारखे बोलत होते. तिसऱ्या वळणाच्या जरा अलीकडे त्यांनी काहीतरी घरातलं विचारलं. कौशल्याबाईंनी "व्हय" म्हटलं. आणि मागे शांतता झाली.

कौशल्याबाई गालात हसल्या. आज जिंकायचंच, म्हणून पाय उचलून चालू लागल्या. मध्ये एकदा एक खडा गडगडत त्यांच्या पायाशी आला.

"खडं मारलं तरी बघायची न्हाई मी," त्या म्हणाल्या.

कमानीला लागूनच अकबरभाईंचं पंक्चरचं दुकान. चपला त्यांच्याकडेच ठेवलेल्या असायच्या. कौशल्याबाई शेवटच्या पायरीवर थांबल्या. आरोळी आली नाही.

"अकबरभाई, आमचं ध्यान येतंय का बघा बरं. मी काय वळायची न्हाई."

अकबरभाईंनी हातातल्या ट्यूबवरून नजर उचलली. "वैनी, ते तर वरतीच बसल्यात. पायरीवर."

"बसू द्या. कंटाळलं की येतील."

अकबरभाईंनी डोळ्यांवर हात धरून पुन्हा पाहिलं. हातातली ट्यूब टाकली आणि ते पायऱ्यांकडे पळत सुटले.

"तुमी बी सामील व्हय त्यांना?" कौशल्याबाई हसत म्हणाल्या. तरी वळल्या नाहीत. दुकानातून अकबरभाईंची बायको झुलेखा धावत आली. तिने त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना टेकडीकडे वळवलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "जरा आधी कळलं असतं तर..." आणि वाक्य तसंच सोडून कागदावर लिहू लागले. त्या सोडलेल्या वाक्यात कौशल्याबाई पुढचे कितीतरी दिवस राहिल्या. वळणापासून कमानीपर्यंत किती वेळ लागतो? सावकाश उतरलं तर? खडा आला तेव्हाच वळलं असतं तर? तो खडा त्यांनी मुद्दाम ढकलला होता की हात टेकताना सुटला होता, हे विचारायला आता कुणी नव्हतं.

भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, देवीच्या पायाशी मरण आलं, भाग्याचा माणूस. शालनबाईंनी, ज्योतीरामांच्या थोरल्या बहिणीने, विचारलं, "शेवटी देवीचं नाव घेतला का गं माझा भाऊ?" कौशल्याबाईंनी मान हलवली. व्हय, करंजाई म्हणाले. शालनबाईंना तेवढाच आधार झाला, म्हणून मग कौशल्याबाईंनी येईल त्याला तेच सांगितलं.

तेराव्याची माणसं गेली. घरात लेक, निशिगंधा, तेवढी उरली. भिजलेल्या सतरंज्या दोरीवर टाकता टाकता कौशल्याबाई एकाएकी थांबल्या.

"मी न्हाई गं बघितलं मागं. एकदा बी न्हाई. धनगरानं बघितलं म्हणून देवी राहिली. मी तर बघितलंच न्हाई. मग हे कसं राहिले?"

निशिगंधाने त्यांच्या हातातली सतरंजी काढून घेतली. बराच वेळ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, बाबा खरंच करंजाई म्हणाले?"

"न्हाई."

"मग काय म्हणाले?"

कौशल्याबाईंनी पदराने तोंड पुसलं. सांगण्यासारखं काही नव्हतंच. तरी त्यांनी सांगितलं, अगदी त्यांच्याच लातुरी हेलात.

"'कौशे, टाकीचं झाकण लावलीस का गं? कबुतरं लै झालेत.'"