मालकीणबाईंना दिलेली शेवंती

ओटावात आमचा पहिला संसार मांडला तो एका पोलिश बाईंच्या बेसमेंटमध्ये. मालकीणबाई सत्तरीच्या, एकट्या, आणि आवाज असा की वर फोनवर बोलल्या तरी खाली आमच्या कपबश्या हलाव्यात. त्यांना "कशा आहात?" असं विचारायची सोय नव्हती. इथली बाकीची माणसं "गुड, गुड" करून पुढं सटकतात, या थांबायच्या. मग गुडघा, पित्त, डॉक्टर आणि शेवटी सरकार. एकदा मी म्हटलं, "पण आज तुम्ही छान दिसताय," तर घाईघाईनं त्यांनी टेबलाच्या खालच्या लाकडावर टकटक केलं. बरं चाललंय असं मोठ्यानं म्हटलं की बिघडतं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्या वर्षी माझ्या सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि मालकीणबाईंना मराठी, पण दोघींचं चांगलं जमलं. एक पोलिशमध्ये गुडघा दाखवायची, दुसरी मराठीत कंबर.

ऑक्टोबरात मालकीणबाई खाली आल्या आणि म्हणाल्या, "रविवारी माझा नावाचा दिवस आहे."

"म्हणजे वाढदिवस?"

"छे! वाढदिवसाला वय वाढतं, ते काय साजरं करायचं? आमच्यात प्रत्येक नावाला कॅलेंडरात एक दिवस असतो. त्याचं आमंत्रण द्यायचं नसतं. ज्यांना आठवण असते ते आपणहून येतात." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "चार वाजता आठवण ठेवा."

फुलं घ्यायला आम्ही ग्रोसरी स्टोअरमध्ये गेलो. तिथं बादल्या भरभरून पिवळीधम्मक शेवंती पाहून सासूबाई हरखल्याच. "अगं, दसऱ्याला देवाला एक फूल मिळालं नाही आणि इथं बघ! डझनभर घे, मेली कंजुषी नको." मी मोजून बारा घेतली.

रविवारी चारला आम्ही तिघं वर गेलो. दार उघडल्यावर माझ्या नवऱ्यानं शेकहँडसाठी हात पुढं केला. मालकीणबाईंनी मनगटाला धरून त्याला सरळ आत ओढला. उंबऱ्यावरून हात मिळवला तर भांडण होतं म्हणे. हे मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "खरंच आहे. उंबऱ्यावर देणंघेणं करूच नये. चांगल्या वळणाची बाई दिसते."

दारात सपातांची टोपली होती. पाहुण्यांनी बूट काढून त्या घालायच्याच. नवऱ्याच्या मापाच्या एकाच मिळाल्या, गुलाबी, वर लोकरीचे गोंडे. आत चार मैत्रिणी आणि एक भरघोस मिशांचे आजोबा बसले होते. आजोबा उठले, कमरेत वाकले आणि त्यांनी सासूबाईंच्या हाताचा मुका घेतला. सासूबाईंनी तो हात पदराखाली घातला तो शेवटपर्यंत बाहेर काढला नाही. पुढचं सगळं त्यांनी डाव्या हातानं केलं.

मग मी फुलं दिली.

एका मैत्रिणीनं छातीवर क्रूस काढला. मालकीणबाईंनी फुलं मोजली आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"बारा," त्या म्हणाल्या. "सम संख्या मेलेल्या माणसाला देतात. आणि शेवंती! शेवंती आमच्यात फक्त थडग्यावर ठेवतात. मी अजून जिवंत आहे!"

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "अगंबाई! तिच्या मनाला लागलं असेल. थांब, दृष्ट काढते." आणि मी "आई, इथं नको," म्हणेपर्यंत त्या खाली जाऊन मूठभर सुक्या मिरच्या, मोहरी आणि मीठ घेऊन परतही आल्या. मालकीणबाईंवरून त्यांनी मूठ तीनदा ओवाळली, पुटपुटल्या आणि स्वयंपाकघरात तापत्या तव्यावर सगळं टाकलं.

ठसका असा उठला की विचारू नका. आजोबा मिशीत तोंड खुपसून खोकायला लागले. स्मोक अलार्म केकाटू लागला. नवऱ्यानं पुढची खिडकी उघडली आणि मागचं दार उघडायला धावला, तर मालकीणबाई आडव्या आल्या. "दोन्ही एकदम नाही! आरपार वारा येईल! मान धरेल सगळ्यांची!"

"अहो, धूर जायला नको का?"

"धुरानं कुणी मरत नाही. वाऱ्यानं माणसं गेलीत!"

सासूबाईंनी मला विचारलं काय झालं, आणि ऐकल्यावर त्याही दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "बरोबर आहे तिचं. वारं बाधतं." शेवटी आम्ही सगळे सपाता घालून अंगणात उभे राहिलो, आणि समोरचा शेजारी पानं गोळा करायची थांबून गुलाबी गोंड्यांकडे बघत राहिला.

तिथंच मालकीणबाईंनी डोळे पुसत विचारलं, "तुझ्या सासूबाईंनी नक्की काय केलं?"

मी सांगितलं की मिरचीचा ठसका लागला नाही, तर समजायचं दृष्ट लागली होती. ठसका लागला, तर काहीच लागलेलं नाही.

मालकीणबाईंनी विचार केला. अजून खोकणाऱ्या आजोबांकडे पाहिलं. "म्हणजे ती शेवंती मला बाधली नाही?"

"अजिबात नाही."

"मग केक खायला चला!"

आत गेल्यावर त्यांनी गुच्छातलं एक फूल उपसून सासूबाईंच्या हातात दिलं आणि उरलेली अकरा मोठ्या काचेच्या भांड्यात टेबलाच्या मधोमध ठेवली. सासूबाईंनी ते फूल बिनधास्त आपल्या अंबाड्यात खोवलं. मैत्रिणी श्वास रोखून पाहत राहिल्या. केकचे तीन तुकडे खाऊन झाले तरी सासूबाई ठणठणीत आहेत, असं पाहून त्यातल्या एकीनं हळूच माझ्या कानाशी येऊन विचारलं, तिच्या जावयावरून ती मूठ फिरवता येईल का?

"जावई आजारी आहेत का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण काही लागतं का ते बघायला काय हरकत आहे?"

पुढच्या शनिवारी जावई आला. सहा फूट उंच, ट्रक चालवणारा. सासूबाईंनी त्याला खुर्चीवर बसवला, कारण उभ्यानं हात पोचेना. ठसका लागला नाही. सासूबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "याला सांग, आठवडाभर रोज ये." बिचारा रोज आला. मालकीणबाई त्याला रोज सूप पाजायच्या, आणि मागचं दार बंद आहे ना, ते दोनदोनदा बघायच्या.